मुलांना कराटेला घालताय? मग पट्ट्याचा रंग सर्वांत शेवटी विचारा



जून उजाडला की शाळेच्या फाटकावर, सोसायटीच्या फलकावर आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक जाहिरात हमखास येते. पांढऱ्या ड्रेसमधला मुलगा हवेत लाथ मारतोय, खाली लिहिलंय 'कराटे वर्ग सुरू, मर्यादित प्रवेश'. मग आम्हा शिक्षकांना पालक विचारतात, "सर, घालू का हो याला कराटेला? फार मस्ती करतो." दुसरी आई म्हणते, "बाई, माझी फार भित्री आहे, जरा धीट होईल का?" तिसरे बाबा एकदम मुद्द्यावर येतात, "ब्लॅक बेल्ट व्हायला किती वर्षं लागतात?"

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. पण प्रवेश घेण्याआधी विचारायला हवेत असे प्रश्न वेगळेच आहेत, आणि ते बहुतेक कुणी विचारत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. कराटे ही शाळकरी वयातल्या मुलांसाठी फार चांगली गोष्ट आहे, पण ती तितकीच चांगली असते जितके शिकवणारे सर किंवा मॅडम चांगले असतात. पट्टा, पदक, प्रमाणपत्र हे सगळं त्यानंतर. आपण मात्र नेमकं उलट्या बाजूनं सुरुवात करतो.

हा खेळ शाळेतूनच मोठा झाला

कराटे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिनेमातली हाणामारी येते. इतिहास मात्र शिक्षकांना आवडेल असा आहे. ही कला जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवरची. तिथे ती घरोघरी, गुरूकडून शिष्याकडे, बरीचशी गुपचूप शिकवली जाई. आंको इतोसू नावाच्या गुरूंनी १९०१च्या सुमारास ती ओकिनावातल्या प्राथमिक शाळेत आणली. लहान मुलांना झेपावं म्हणून त्यांनी अवघड प्रकारांतून पाच सोपे 'काता' तयार केले. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायच्या हालचालींची मालिका. आजही आपल्या गावातल्या वर्गात मुलं सुरुवातीला जे काता शिकतात, ते बहुतांशी हेच पाच. काही शैलींत त्यांना 'पिनान' म्हणतात, काहींत 'हेइआन'.

इतोसूंचे शिष्य गिचिन फुनाकोशी हे पेशानं प्राथमिक शिक्षक. १९२२ साली जपानच्या शिक्षण खात्यानं टोकियोत शारीरिक शिक्षणाचं प्रदर्शन भरवलं, त्यात त्यांनी कराटेची प्रात्यक्षिकं दाखवली आणि तिथून ही विद्या जपानभर पसरली. कराटेत पहिला वार आपला नसतो, ही शिकवण त्यांचीच. 'कराटे' या शब्दाचा आज घेतला जाणारा अर्थही साधा आहे: रिकामा हात.

हे सांगण्याचं कारण असं, की कराटे मुलांपर्यंत पोचलं ते एका शिक्षकानं अभ्यासक्रम सोपा केला म्हणून. त्यामुळे वर्ग निवडताना आपण जसं शाळेत शिक्षक पाहतो तसंच इथेही पाहायचं: मुलाच्या वयाला धरून शिकवतात का?

पहिले सहा महिने नेमकं काय होतं?

इथेच पालकांचा आणि मुलांचा पहिला भ्रमनिरास होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या दिवशी कुणी लाथ मारत नाही. अनवाणी उभं राहायचं, रांगेत. सुरुवातीला गुडघे मोडून बसायचं, आपल्या वज्रासनासारखंच. वाकून नमस्कार, म्हणजे 'रेइ'. मग अंग मोकळं करणं, धावणं, उड्या. त्यानंतर मूठ कशी वळायची, अंगठा कुठे ठेवायचा, पाय किती अंतरावर ठेवायचे. मग एकच ठोसा, जपानी आकडे मोजत, दहा वेळा, वीस वेळा, पन्नास वेळा. या पायाभूत सरावाला 'किहोन' म्हणतात. त्यावर काता येतो आणि बऱ्याच नंतर 'कुमिते', म्हणजे जोडीनं लढायचा सराव. कुमितेचीही सुरुवात ठरवून होते. समोरचा कुठला वार करणार हे आधी माहीत असतं आणि आपण तो अडवायचा असतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मूल घरी येऊन म्हणणार, "बोअर होतं. रोज तेच तेच." हे ठरलेलंच समजा. पाढे पाठ करताना, हार्मोनियमवर सा-रे-ग-म घोटताना, बाराखडी गिरवताना जे होतं तेच इथेही होतं. म्हणून प्रवेश घेतानाच मुलाशी बोलून ठेवा: "सहा महिने जायचं. त्यानंतर नको वाटलं तर आपण बसून ठरवू." मुदत आधीच ठरली असेल, तर दर सोमवारी दारात उभं राहून रडारड होत नाही. आणि सहा महिन्यांनंतर खरंच नको म्हणालं, तर सोडू द्या. त्याला कबड्डी आवडेल, तबला आवडेल. सोडणं म्हणजे हरणं असं त्याच्या मनात भरवू नका.

खर्चाचं म्हणाल, तर पहिल्या महिन्यात ट्रॅक पँट आणि टी-शर्टवर चालतं. कराटे ड्रेस लगेच घ्यायची घाई नको. मूल टिकतंय असं दिसलं की घ्या, एक माप मोठा घ्या, सुती घ्या. नखं कापलेली, केस बांधलेले, कानात-गळ्यात-हातात काही नाही, पाण्याची बाटली सोबत, आणि वर्गाच्या दीड-दोन तास आधी खाणं झालेलं. एवढी तयारी पुरे. पट्टा बांधायला मात्र आईबाबांनीही शिकून घ्या. शाळेच्या टायपेक्षा अवघड प्रकरण आहे ते.

पट्टा: चांगला नोकर, वाईट मालक

आता मुख्य मुद्दा. पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, जांभळा, तपकिरी आणि शेवटी काळा. क्रम आणि रंग शैलीनुसार, संस्थेनुसार थोडे बदलतात. काळ्याच्या खालच्या पायऱ्यांना 'क्यू' म्हणतात. त्या उलट मोजतात, दहाकडून एककडे. काळ्यापासून पुढे 'दान' सुरू होतात.

ही पद्धत कराटेची जन्मजात नाही. दानची पद्धत ज्युदोच्या जिगोरो कानो यांनी रूढ केली. फुनाकोशींनी १९२४ साली ती कराटेत घेतली. रंगीत पट्ट्यांची ही लांबलचक रांग तर आणखी नंतरची. पहिल्या काळ्या पट्ट्याला 'शोदान' म्हणतात आणि त्यातल्या 'शो'चा अर्थ आहे आरंभ. म्हणजे ज्याला आपण शिखर समजतो, त्याला जपानी माणूस पहिली पायरी म्हणतो. मुळाक्षरं आली, आता वाचायला लाग, एवढाच त्याचा अर्थ.

आता जरा हिशेब करू. समजा दहा क्यू आहेत आणि वर्गात दर तीन महिन्यांनी सरसकट सगळ्यांची परीक्षा होते. म्हणजे तीस महिन्यांत, अडीच वर्षांत, मूल काळ्या पट्ट्याच्या दारात उभं. पहिलीत घातलेलं मूल तिसरी-चौथीत 'ब्लॅक बेल्ट'. प्रत्येक परीक्षेची फी वेगळी, प्रमाणपत्राची वेगळी, कधी पट्ट्याचीही वेगळी, काळ्याच्या वेळी तर मोठी रक्कम. मासिक फी कमी सांगून खरी वसुली इथे करणारे वर्ग आहेत. सगळे तसे नाहीत हेही तितकंच खरं. परीक्षा घेताना बाहेरून परीक्षक बोलवावे लागतात, संस्थेत नोंदणी करावी लागते, हा खर्च खराच असतो. पण तो किती आणि कधी, हे पहिल्या दिवशी कळायला हवं.

कुणी म्हणेल, "अहो, लहान मुलांना पट्ट्याची ओढ लागते म्हणून तर ती टिकतात. आपण वर्गात स्टार देतोच की वहीवर!" बरोबर आहे. मीही स्टार देतो. छोटी छोटी उद्दिष्टं मुलांना लागतातच. त्यामुळे पट्टे बंद करा असं मी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो सगळ्यांनाच, दर वेळी, न चुकता मिळणाऱ्या पट्ट्याला. ज्या परीक्षेत आजवर कुणाला 'अजून दोन महिने सराव कर' असं सांगितलंच गेलं नाही, ती परीक्षा नव्हे, ती पावती. मुलांना हे कळतं बरं का. आपल्याला काही येत नसताना हिरवा पट्टा मिळाला, हे त्या मुलाच्या इतकं कुणालाच ठाऊक नसतं.

म्हणून सरांना बेधडक विचारा: "परीक्षेत मुलं मागे राहतात का हो?" ते हसून "राहतात की, आणि त्यांना मी समजावून सांगतो" म्हणाले, तर वर्ग चांगला असण्याची शक्यता बरीच आहे. "आमच्याकडे शंभर टक्के निकाल" म्हणाले तर जपून.

आणखी एक गंमत. जागतिक महासंघाच्या नियमांनी होणाऱ्या कुमितेच्या सामन्यात एक खेळाडू लाल पट्टा बांधतो आणि दुसरा निळा, एवढंच. गुणही वारानुसार मिळतात: ठोशाला एक, पोटावरच्या-पाठीवरच्या लाथेला दोन, डोक्याच्या उंचीच्या लाथेला तीन. कुणी कुठली परीक्षा पास केली, याचा तिथे काही संबंध नाही. मॅटवर पट्टा लढत नाही, सराव लढतो.

वर्ग निवडताना काय बघाल?

फी भरण्याआधी एक पूर्ण तास तिथे बसून बघा. बसू देत नसतील तर तिथेच निर्णय झाला असं समजा. पालक रोज डोक्यावर बसले तर मुलांचं लक्ष उडतं, हे सरांचं म्हणणं योग्य आहे. पण 'पालकांना कधीच प्रवेश नाही' हे कुठल्याही वर्गाला शोभत नाही. बसलात की पुढच्या गोष्टी बघा.

• जमीन कशी आहे? मॅट असेल तर उत्तम. साधी फरशी किंवा मैदानाची माती असली तरी वर्ग चालतो, पण मग तिथे उचलून पाडणं, उंच उड्या असं काही नको. काँक्रीटवर मुठी टेकवून जोर काढायला लावणं लहान मुलांच्या वाढत्या हाडांना बरं नाही.

• एका सरांमागे मुलं किती? साठ मुलं आणि एकच सर असतील, तर तिथे कवायत होते, शिकवणं होत नाही. मोठी मुलं छोट्यांना शिकवत असतील तर ती किती मोठी आहेत आणि सर तिथे हजर आहेत का, ते पाहा.

• चुकल्यावर काय होतं? शिस्त आणि शिक्षा यांत फरक आहे. उशीर झाला म्हणून दहा बैठका, हे समजू शकतं. पट्ट्यानं फटका, सगळ्यांसमोर टिंगल, रडणाऱ्या मुलाला "मुलीसारखा काय रडतोस" हे चालणार नाही. शाळेत आपण छडी सोडली, ती कराटेच्या वर्गात मागच्या दारानं येऊ द्यायची का?

• पाय ताणताना काय करतात? मुलाच्या पाठीवर किंवा मांडीवर भार देऊन जबरदस्तीनं पाय फाकवायला लावणं हा प्रकार अजून दिसतो. लवचिकता हळूहळू येते. मूल ओरडत असेल तर थांबायला हवं.

• मुलाची तब्येत विचारली का? दमा, फिट येणं, हृदयाचा त्रास, जुनं हाड मोडणं, हे प्रवेशअर्जात विचारलं पाहिजे. नाही विचारलं तर तुम्ही स्वतःहून, लेखी सांगा.

• सरांनी स्वतः कुणाकडून शिकलं? चांगला प्रशिक्षक आपल्या गुरूचं नाव, शैलीचं नाव आणि संस्थेचं नाव अभिमानानं सांगतो. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वादो-र्यू या चार शैली जास्त ऐकू येतात. क्योकुशिन ही वेगळी. तिच्यात अंगावर पूर्ण ताकदीनं वार होतात, तेव्हा लहानांना तिथे कसं शिकवतात हे आवर्जून विचारा. कुठलीही शैली 'सर्वांत भारी' नसते. घरापासून चालत जाता येईल असा चांगला वर्ग, तीच तुमच्यासाठी चांगली शैली.

आणि एक नाजूक पण टाळता न येणारी गोष्ट. कराटेत सरांना मुलांच्या अंगाला हात लावून उभं राहणं, कोपर, कंबर दुरुस्त करावं लागतं. हे सर्वांसमोर, सांगून, कामापुरतंच व्हायला हवं. बंद खोलीत एकट्या मुलाचा 'स्पेशल सराव' नको. शिबिराला किंवा बाहेरगावच्या स्पर्धेला मुली जात असतील तर सोबत जबाबदार बाई हवीच. मुलांशी सरांचे खासगी मेसेज नकोत, जे असेल ते पालकांच्या गटावर. चांगल्या सरांना या अटींचा राग येत नाही. त्यांचंही त्यात रक्षण आहे. मूल अचानक वर्गाला जायला घाबरू लागलं तर 'आळस करतो' म्हणून ढकलू नका, शांतपणे विचारा. लैंगिक छळाची शंका आली तर २०१२चा पॉक्सो कायदा आहे, आणि माहिती असूनही न कळवणं हा त्या कायद्यानुसार गुन्हा आहे. मुलांसाठीचा १०९८ हा मदत क्रमांक घरात सगळ्यांना पाठ असू द्या.

लागणार तर आहेच, पण किती?

'कराटेत लागत नाही' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. खरचटणं, मुका मार, बोट मुरगळणं हे होणारच, खो-खोतही होतं. जपायचं ते डोकं, दात आणि सांधे. जोडीनं लढायचा सराव सुरू झाला की दातांचं संरक्षक, हातमोजे आणि नडगीचं संरक्षक हवं. वय, वजन, अनुभव पाहून जोड्या लावल्या पाहिजेत. डोक्याला मार लागून मूल उलटी करू लागलं, पेंगू लागलं, विसरल्यासारखं बोलू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टर. 'खेळाडूला एवढं चालतंच' हे वाक्य अशा वेळी कुणाचंही ऐकू नका, सरांचंही नाही.

शिक्षक मित्रांनो, इथे आपलाही एक दोष आहे. स्नेहसंमेलनात आपल्याला टाळ्यांचा कार्यक्रम हवा असतो. मग डोक्यानं कौलं फोडणं, बर्फाची लादी फोडणं, हातावरून नाहीतर पोटावरून मोटारसायकल नेणं. पाहुणे खूश, फोटो झकास. अशा प्रात्यक्षिकांतून मुलांना काय मिळतं? वाढत्या वयाच्या हाताच्या हाडांनी कौलं फोडायची काहीही गरज नाही. त्याऐवजी वीस मुलांनी एका तालात केलेला काता दाखवा. एक हात चुकीच्या दिशेला गेला तरी प्रेक्षकांना कळतं, म्हणून त्यात मेहनतही जास्त दिसते आणि धोका शून्य.

मुलींचं स्वसंरक्षण: अर्धवट आश्वासनं नकोत

समग्र शिक्षा अभियानात सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे, साधारण तीन महिन्यांचं. ते जरूर घ्यावं. मुली ओरडायला शिकतात, ताठ उभ्या राहतात, आपल्या शरीराविषयी मोकळेपणानं बोलू लागतात, हे लहान काम नाही. पण तीन महिन्यांत बारा-तेरा वर्षांची मुलगी धट्ट्याकट्ट्या पुरुषाला लोळवेल, असं तिला किंवा तिच्या आईला सांगणं ही फसवणूक आहे आणि ती धोकादायक फसवणूक आहे.

स्वसंरक्षणाच्या वर्गात मुलींना आधी हे शिकवायला हवं: धोका ओळखणं, मोठ्यानं 'नाही' म्हणणं, पकड सोडवून पळणं, माणसांत जाणं, घरी सांगणं. ठोसा हा त्या यादीत शेवटचा. शिवाय त्रास देणारा दर वेळी अनोळखी नसतो, अनेकदा तो ओळखीतलाच असतो. तिथे लाथ उपयोगी पडत नाही, तिथे तिचं ऐकून घेणारी आई, बाई, सर लागतात. आणि एखादी मुलगी प्रसंगी गोठून गेली, तर "तू तर कराटे शिकलीस ना, मग?" असं कधीही, कुणीही तिला म्हणता कामा नये. जबाबदारी त्रास देणाऱ्याची. ब्लॅक बेल्ट असली तरीही.

स्पर्धा, पदकं आणि सवलतीचे गुण

दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांसाठी म्हणून कराटे लावणारे पालक आहेत. खेळाडूंसाठी राज्य सरकारच्या नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, तेही डोक्यात असतं. स्वप्न बघायला हरकत नाही, पण नियम बघा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धा वेगळ्या (त्या १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात), आणि एखाद्या संस्थेनं हॉल भाड्यानं घेऊन भरवलेली 'इंटरनॅशनल चॅम्पियनशिप' वेगळी. नावात 'नॅशनल' आहे म्हणून प्रमाणपत्र शासकीय सवलतीला चालतं असं नाही. कुठल्याही स्पर्धेची मोठी फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा कार्यालयात जाऊन विचारा किंवा शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारा. कराटेच्या संघटना अनेक आहेत, त्यांच्यात वाद होतात, मान्यता येतात आणि जातात. त्यामुळे गेल्या वर्षीचं उत्तर यंदा चालेलच असं धरू नका.

पदकांचाही हिशेब समजून घ्या. कराटेत एका गटात एक सुवर्ण, एक रौप्य आणि दोन कांस्य अशी चार पदकं असतात. वय, वजन, पट्टा असे गट पाडत पाडत एका गटात चारच मुलं उरवली, की चौघांनाही पदक. फोटो छान येतो. मुलाचं कौतुक जरूर करा, पण 'आंतरराष्ट्रीय पदकविजेता' असा फ्लेक्स चौकात लावण्याआधी गटात किती जण होते ते विचारा. खोटं मोठेपण मुलाला पुढे जड जातं.

ऑलिंपिकविषयीही सांगून ठेवतो, कारण मुलं विचारतात. टोकियो २०२०च्या ऑलिंपिकमध्ये (झालं २०२१ साली) कराटे पहिल्यांदा आलं, पॅरिस २०२४मध्ये नव्हतं. आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये मात्र ते १९९४पासून आहे. म्हणजे वर जायला वाट आहे, अरुंद आहे, आणि बहुतेक मुलांसाठी ती वाट चालण्याचं कारणही नाही. मूल बळकट झालं, रोज वेळेवर उठू लागलं, हरल्यावर समोरच्याला नमस्कार करू लागलं, तर फी वसूल झाली.

घरी तुमचं काम काय?

एक, शाळेतल्या किंवा वाड्यातल्या भांडणात कराटे वापरायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घरात सांगा. कौतुकानं "मार बघू काकांना एक पंच" असं पाहुण्यांसमोर करायला लावू नका. इथे तुम्ही एक सांगणार, सर दुसरं सांगणार, आणि मूल मधल्यामध्ये दोन्ही विसरणार. मारामारी झालीच तर सरांना कळवा. चांगल्या वर्गात त्याची दखल घेतली जाते.

दोन, घरी जाताना गाडीवर "आज किती जणांना हरवलंस?" विचारू नका. "आज नवीन काय जमलं?" विचारा.

तीन, शेजारच्या मुलाचा पट्टा आणि आपल्या मुलाचा पट्टा यांची तुलना करू नका. वर्ग वेगळे, सर वेगळे, परीक्षा वेगळ्या.

चार, सरांनी मुलाला पट्टा दिला नाही, तर त्यांच्याशी भांडायला जाऊ नका. हे मी मुद्दाम लिहितोय. सगळ्यांना सरसकट पट्टे वाटणाऱ्या वर्गांना आपण नावं ठेवतो, पण त्यांच्यावर तशी वेळ आणणारे आपणच पालक असतो. प्रामाणिक सर मुलाला थांबवतात आणि पालक दुसऱ्या दिवशी फी बंद करून पलीकडच्या गल्लीतल्या वर्गाला जातात. मग सरही काय करणार? त्यांचं घरही त्यावरच चालतं.

पाच, परीक्षेच्या महिन्यात वर्ग पूर्ण बंद करू नका. आठवड्यातून तीनाचे दोन दिवस करा, पण जाऊ द्या. अभ्यासाला बसलेल्या मुलाला एक तास घाम गाळू दिला तर अभ्यास बुडत नाही, मूल ताजंतवानं होऊन बसतं.

शिक्षकांना दोन शब्द

आपल्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळी कराटे वर्ग चालत असेल, तर 'ते बाहेरचे आहेत, आपला काय संबंध' असं म्हणून चालणार नाही. मुलं आपली आहेत, आवार आपलं आहे. महिन्यातून एकदा जाऊन उभं राहा, सरांशी दोन शब्द बोला. वर्गात फार चुळबुळ करणारा मुलगा तिथे चाळीस मिनिटं रांगेत शांत उभा दिसला, तर तो तिथे का रमतो हे समजून घ्या. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला उपयोगी पडेल. आणि मागच्या बाकावरची अबोल मुलगी तिथे मोठ्यानं आकडे मोजताना ऐकू आली, तर तिच्या आईला आवर्जून सांगा. प्रगतिपुस्तकात या गोष्टीला रकाना नसतो.

तेव्हा पालकहो, या जूनमध्ये जाहिरात बघून लगेच फी भरू नका. एक संध्याकाळ मोकळी काढा, चपला बाहेर काढून वर्गाच्या कडेला बसा आणि एकच गोष्ट बघत राहा: सर्वांत कच्च्या मुलाशी सर कसे वागतात? तिथे तुमचं समाधान झालं, तर मुलाला निर्धास्त घाला. नाही झालं, तर दुसरा वर्ग शोधा.